अर्ध्या वाटेवरच्या विद्यार्थ्याचा कैवारी : डॉ. मायकेल वेस्ट

आपल्या जुन्या घरांतून माणसाचे शिक्षण सांगण्याची एक ठरलेली रीत होती. अमका इंग्रजी तिसरी झालेला, तमका इंग्रजी पाचवीतून निघालेला, आणि तिसरा मॅट्रिकला दोनदा बसलेला. सोयरिकीच्या बोलण्यात आणि नोकरीच्या अर्जात हा हिशेब हमखास मांडला जाई. परंतु त्या हिशेबात एक प्रश्न सहसा कोणी विचारीत नसे. इंग्रजी तिसरीतून निघालेल्या मुलापाशी इंग्रजी म्हणून नेमके काय उरले? तीन वर्षे त्याने स्पेलिंगे घोकली, क्रियापदांची रूपे पाठ केली, तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेतील वाक्ये मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत नेली. तरीही घरी तार आली की ती वाचून घेण्यासाठी त्याला दुसऱ्याच कोणाकडे तरी धाव घ्यावी लागे. मग तीन वर्षांचे ते श्रम कोठे गेले?

नेमका हाच प्रश्न सुमारे शंभर वर्षांपूर्वी एका इंग्रज शिक्षणाधिकाऱ्याने ढाक्यात विचारला आणि पुढचे सारे आयुष्य त्याचे उत्तर शोधण्यात वेचले. त्यांचे नाव मायकेल फिलिप वेस्ट. परभाषा म्हणून इंग्रजी शिकविणाऱ्यांच्या जगात हे नाव फार आदराने घेतले जाते. आपल्याकडे ज्यांनी त्यांची 'न्यू मेथड' वाचनमाला हाताळली, त्यांपैकी अनेकांना मात्र त्या पुस्तकांमागचा माणूस ठाऊक नसतो. मी आयुष्यभर इंग्रजी शिकविण्याचाच व्यवसाय केला, आणि या माणसाच्या एकदोन युक्त्यांनी मला वर्गात जितका हात दिला तितका मोठमोठ्या व्याकरणांनीही दिला नाही. म्हणून त्यांचे चरित्र वाचकांपुढे थोडक्यात ठेवावे असे वाटते.

वेस्ट यांचा जन्म १८८८ सालचा. ऑक्सफर्डच्या ख्राइस्ट चर्च कॉलेजात शिक्षण संपवून ते १९१२ साली इंडियन एज्युकेशन सर्व्हिसमध्ये दाखल झाले आणि बंगालमध्ये आले. तो काळ बंगालच्या इतिहासात मोठा खळबळीचा होता. १९०५ साली झालेली फाळणी १९११ साली रद्द झाली होती, तरुण मंडळींत सरकारविषयी संताप धुमसत होता, आणि गोऱ्या अधिकाऱ्याने शाळेत पाऊल टाकले की मुलांच्या नजरा कडवट होत. अशा प्रांतात या तरुण अधिकाऱ्याच्या वाट्याला शाळांचे आणि शिक्षकांच्या शिक्षणाचे काम आले. १९२० च्या सुमारास ते ढाक्याच्या टीचर्स ट्रेनिंग कॉलेजचे प्राचार्य झाले. हे कॉलेज १९०९ पासून चालू होते. पुढे १९२१ साली ढाक्याला विद्यापीठही निघाले. आज बांगलादेशची राजधानी असलेले हे शहर त्या दशकात शिक्षणशास्त्राच्या एका मोठ्या प्रयोगाचे स्थान बनले, ते मुख्यतः वेस्ट यांच्यामुळे.

त्यांनी पाहिलेला बंगाली वर्ग आपल्याला अपरिचित नाही. मास्तर पुस्तकातील एक ओळ मोठ्याने वाचीत. मग एकेका शब्दाचा देशी भाषेत अर्थ सांगत. मुले तो अर्थ ओळीच्या वर पेन्सिलीने बारीक अक्षरांत लिहून घेत. मग एक मुलगा उठून तीच ओळ पुन्हा वाची आणि बाकीची चाळीस मुले आपली पाळी येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत बसत. पुस्तके इंग्लंडातील मुलांसाठी लिहिलेली, नाहीतर जुन्या ग्रंथकारांच्या भारदस्त उताऱ्यांनी भरलेली. बोलण्यात कधी न येणारे शब्द पहिल्या दोन वर्षांतच मुलांच्या माथी येत. सारी शाळा मॅट्रिककडे तोंड करून उभी, आणि मॅट्रिकपर्यंत पोचणारी मुले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. कलकत्ता विद्यापीठाच्या कारभाराची चौकशी करण्यासाठी १९१७ साली नेमलेल्या सॅडलर आयोगानेही इंग्रजीच्या या दुरवस्थेवर बोट ठेवले होते. दोष मुलांच्या बुद्धीचा नव्हता. जी मुले स्वभाषेत चटकन समजून घेत, तीच इंग्रजीच्या तासाला मुकी होत.

या अनुभवातून वेस्ट यांचा पहिला मोठा ग्रंथ जन्मला. 'बायलिंग्वलिझम' असे त्याचे नाव. बंगालच्या विशेष संदर्भाने द्विभाषिकतेचा विचार करणारा हा ग्रंथ हिंदुस्थान सरकारच्या शिक्षण विभागाने १९२६ साली कलकत्त्यात प्रसिद्ध केला. सरकारी छापखान्यातील जाडजूड अहवाल म्हटला की आपण तो न वाचताच कपाटात ठेवतो, पण हा ग्रंथ तसा नाही. त्यात आकडे आहेत, कोष्टके आहेत, चाचण्यांचे निष्कर्ष आहेत आणि त्या सर्वांच्या तळाशी शाळा सोडून गेलेल्या मुलाची चिंता आहे.

आपणा बडोदेकर, इंदूरकर, ग्वाल्हेरकर मराठी मंडळींना द्विभाषिकता हा विषय पुस्तकातून शिकावा लागत नाही. घरात मराठी, बाजारात गुजराती किंवा हिंदी, आणि कचेरीत इंग्रजी, हा आपला पिढ्यान्पिढ्यांचा परिपाठ आहे. पण आपण गुजराती कशी शिकलो आणि इंग्रजी कशी शिकलो यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. भाजीवालीशी घासाघीस करता करता, शेजारच्या मुलांबरोबर खेळता खेळता गुजराती आपसूक तोंडी बसली. इंग्रजीला तसे अंगण मिळाले नाही. तिला दिवसाचा एक तास आणि एक पुस्तक एवढेच मिळाले. वेस्ट यांनी बंगालच्या बाबतीत हाच भेद धरला होता. ज्याच्या सभोवती दुसरी भाषा नांदते त्याची गोष्ट वेगळी. ज्याला ती भाषा केवळ शाळेतून मिळवायची आहे, त्याच्यासाठी कोणता भाग आधी शिकवावा याचा विचार फार काटकसरीने केला पाहिजे.

त्यांचे म्हणणे असे होते की बंगाली माणसाच्या सुखदुःखाची, भक्तीची, भांडणाची आणि काव्याची भाषा बंगालीच राहणार, आणि राहिली पाहिजे. ती हिसकावून घेण्याचा कोणालाच अधिकार नाही. परंतु शास्त्र, आरोग्य, शेती, यंत्रे, व्यापार यांवरील पुस्तके त्या काळी बंगालीत पुरेशी नव्हती आणि ती सारी भाषांतरित व्हायला पुष्कळ काळ लागला असता. तोवर त्या ज्ञानाच्या कोठाराची किल्ली म्हणजे इंग्रजी वाचता येणे. सुरेख इंग्रजी बोलणे नव्हे, इंग्रजीत निबंध लिहिणे नव्हे, तर इंग्रजी पुस्तक हातात घेऊन ते समजून वाचता येणे.

येथेच त्यांनी आपला सर्वांत प्रसिद्ध दृष्टान्त योजला. तो त्यांनी विम्याच्या धंद्यातून उचलला होता. आयुर्विम्याची पॉलिसी मुदतीपूर्वीच सोडून दिली तर भरलेल्या हप्त्यांच्या बदल्यात जी रक्कम परत मिळते, तिला सरेंडर व्हॅल्यू म्हणतात. वेस्ट यांनी शाळेतील प्रत्येक विषयाला हाच प्रश्न लावला. मुलाने हा विषय मध्येच सोडला तर त्याने भरलेल्या हप्त्यांपैकी त्याच्या हाती काय पडेल? या कसोटीवर बोलण्याचे आणि लिहिण्याचे शिक्षण फार अपुरे ठरते. दोन वर्षे बोलायला शिकून मूल शाळेबाहेर पडले आणि गावात इंग्रजी बोलणारे कोणी नसले, तर सहा महिन्यांत सारे विसरते. वाचनाची गोष्ट तशी नाही. थोडेसेही खरोखर वाचता येऊ लागले की मुलगा पुढे आपला आपण वाचू शकतो, एका पुस्तकावरून दुसऱ्या पुस्तकावर जाऊ शकतो. शाळा सुटली तरी शिक्षण सुटत नाही.

सयाजीराव महाराजांनी १९०६ साली बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, त्याच्या मुळाशीही अशीच दृष्टी होती असे मला वाटते. राज्याने शिक्षण मोजायचे ते पदवीधरांच्या संख्येवरून नव्हे, तर शेवटच्या बाकावरून उठून शेतावर गेलेल्या मुलाला काय मिळाले यावरून. महाराजांनी ही कसोटी स्वभाषेच्या शिक्षणाला लावली. वेस्ट यांनी ती इंग्रजीला लावली.

पण नुसता सिद्धान्त सांगून वर्ग चालत नाही. वाचन शिकवायचे तर वाचायला काय द्यावे? वेस्ट यांनी प्रचलित वाचनमाला तपासल्या आणि त्यांत दोन मुख्य दोष काढले. पहिला दोष शब्दांच्या निवडीचा. वर्षानुवर्षे पुन्हा भेटणार नाहीत असे जुनाट आणि काव्यमय शब्द सुरुवातीलाच येत, आणि रोज लागणारे शब्द मागे पडत. दुसरा दोष शब्दांच्या गर्दीचा. एका पानावर वीस-वीस नवे शब्द आले की मूल वाचीत नाही, ठेचकाळते. नवा शब्द भेटल्यावर तो अंगवळणी पडायला वेळ हवा, आणि त्यासाठी तोच शब्द पुढच्या ओळींत पुन्हापुन्हा दिसायला हवा. म्हणून सुमारे पन्नास शब्दांच्या मजकुरामागे एखादाच नवा शब्द यावा, असा त्यांचा रोख होता. सुगरण आमटीत मीठ एकदम ओतीत नाही, चिमूट चिमूट टाकून चव पाहते, तसाच हा प्रकार.

या तत्त्वावर त्यांनी १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात लाँगमन्स ग्रीन कंपनीसाठी 'न्यू मेथड रीडर्स' ही वाचनमाला लिहिली. तीत सोप्या गोष्टी होत्या, आणि तिला जोड म्हणून थोड्या शब्दांत पुन्हा सांगितलेल्या प्रसिद्ध इंग्रजी कथांची छोटी पुस्तके निघाली. ज्या मुलाला आजवर इंग्रजी म्हणजे शिक्षा वाटे, त्याला पहिल्याच वर्षी एक संपूर्ण पुस्तक आपण वाचून संपविले, असे म्हणता येऊ लागले. हा आनंद लहान नव्हे. ज्याने ज्याने परभाषेतील पहिले पुस्तक संपविले असेल, त्याला त्या संध्याकाळचा अभिमान आठवत असेल.

वाचायचे कसे, यासाठीही त्यांनी एक साधी युक्ती काढली. आपल्याकडे उतारा आधी आणि प्रश्न मागाहून असा रिवाज. वेस्ट यांनी प्रश्न आधी ठेवले. प्रश्न वाचून मुलाच्या मनात शोध सुरू होतो आणि उत्तर हुडकण्यासाठी तो उताऱ्यातून डोळे फिरवू लागतो. प्रत्येक शब्दाशी थांबून अर्थ विचारण्याची सवय आपोआप सुटते. वाचन मुकाट्याने, प्रत्येकाने आपल्या गतीने करायचे. यामुळे सारा वर्ग एकाच वेळी कामाला लागतो, एकट्याची पाळी आणि चाळीस जणांची रजा असा प्रकार राहत नाही. मात्र या शांततेनेच पुष्कळ गैरसमज झाले. ज्या शाळांतून मास्तरांचा आवाज व्हरांड्यात ऐकू येणे हीच शिकविण्याची खूण मानली जाई, तेथे गप्प बसून वाचणारा वर्ग पाहिला की मास्तर आज काही शिकवीत नाहीत, असेच पाहणाऱ्याला वाटे.

या संशोधनावर ऑक्सफर्डने त्यांना डॉक्टरेट दिली. तथापि सर्वांनी टाळ्या वाजविल्या असे नाही. आक्षेप दोन बाजूंनी आले, आणि दोन्ही विचार करण्याजोगे होते. पहिला आक्षेप राजकीय होता. राज्य इंग्रजांचे, कोर्ट-कचेऱ्यांची भाषा इंग्रजी, मोठ्या पगाराच्या जागा अस्खलित इंग्रजी बोलणाऱ्यांना. आणि एक इंग्रज अधिकारी सांगतो की तुमच्या मुलांना वाचता आले की पुरे! सत्तेच्या दारापाशी बोलावे लागते, नुसते वाचून भागत नाही, ही शंका त्या काळच्या सुशिक्षितांना आली असेल तर त्यांना नावे ठेवता येणार नाहीत. वेस्ट यांचा हेतू शुद्ध होता असे मी मानतो, कारण त्यांनी मातृभाषेचे स्थान कोठेही कमी केले नाही. परंतु कोणाला किती भाषा पुरे हे राज्यकर्त्याने ठरवावे, यातली खोच उरतेच.

दुसरा आक्षेप शास्त्रीय होता आणि तो त्यांच्याच तोलाच्या माणसाकडून आला. हॅरॉल्ड पामर हे त्यांचे समकालीन. ते १९२२ साली जपानला गेले आणि पुढच्याच वर्षी तोक्योत इंग्रजी अध्यापनाच्या संशोधनासाठी संस्था काढून चौदा वर्षे तेथे राबले. भाषा ही आधी कानाने आणि तोंडाने शिकायची, डोळ्यांनी नंतर, असा पामर यांचा बाणा. शिक्षक आज्ञा देणार, मुले त्याप्रमाणे उठणार, चालणार, दार उघडणार, मग प्रश्नोत्तरे, मग हळूच पुस्तक. एक तोक्योत, एक ढाक्यात. एक म्हणे बोलणे आधी, दुसरा म्हणे वाचणे आधी. तरीही दोघांचे एका गोष्टीवर एकमत होते. शब्द निवडून, मोजून आणि क्रमाने दिले पाहिजेत. वेस्ट यांनीही बोलण्याकडे पाठ फिरविली नव्हती. १९३३ साली परभाषा बोलायला कसे शिकावे यावर त्यांनी स्वतंत्र पुस्तक लिहिले. त्यांचा आग्रह क्रमाचा होता, बहिष्काराचा नव्हता.

१९३२ च्या सुमारास वेस्ट यांनी हिंदुस्थान सोडला. त्यानंतर काही काळ त्यांनी कॅनडात टोरांटो येथे संशोधन केले. त्याच सुमारास सी. के. ऑग्डेन यांची 'बेसिक इंग्लिश' ही योजना गाजत होती. १९३० साली निघालेल्या या योजनेत अवघ्या ८५० शब्दांत सारे इंग्रजी बसविल्याचा दावा होता. वेस्ट आणि त्यांचे सहकारी यांनी १९३४ साली तिची कठोर परीक्षा केली. त्यांचा मुद्दा नीट समजून घेण्यासारखा आहे. शब्द कमी केले म्हणजे शिकणे कमी झाले असे नाही. सहन करणे या अर्थाचे एक क्रियापद गाळून त्याऐवजी 'पुट अप विथ' असे तीन छोटे शब्द वापरायला सांगितले, तर यादीत शब्द वाचला. पण 'पुट' येते, 'अप' येते, 'विथ' येते, आणि तरीही तिघांचा मिळून अर्थ सहन करणे कसा होतो हे मुलाला कळत नाही. कागदावरची बचत मुलाच्या डोक्यावरचे ओझे बनते.

पुढचे काम मला फार मोलाचे वाटते. चीनमध्ये काम केलेले कॅनडाचे मिशनरी जे. जी. एन्डिकॉट यांच्याबरोबर वेस्ट यांनी १९३५ साली 'न्यू मेथड इंग्लिश डिक्शनरी' हा कोश प्रसिद्ध केला. कोशात एखादा कठीण शब्द पाहावा तर त्याचा अर्थ आणखी दोन कठीण शब्दांत दिलेला, ते पाहावेत तर तिसराच शब्द, ही फरफट आपण सर्वांनी भोगली आहे. वेस्ट यांनी ठरविले की अर्थ सांगण्यासाठी लागणारे शब्दच आधी पक्के करावेत. त्यांनी १,४९० शब्द निश्चित केले आणि सुमारे २४,००० नोंदींचे अर्थ तेवढ्याच शब्दांत दिले. म्हणजे ज्याला ते दीड हजार शब्द येतात, त्याला कोश कोणाच्या मदतीशिवाय उघडता येतो. शाळा सोडलेल्या मुलाच्या हाती यापेक्षा चांगला मास्तर कोणता द्यावा? पुढे १९७८ साली लाँगमन कंपनीने विद्यार्थ्यांसाठी मोठा कोश काढला, तेव्हा त्यातील अर्थही सुमारे २,००० ठरावीक शब्दांतच सांगितलेले होते. मूळ कल्पना वेस्ट यांच्याच कोशातली.

१९३४ साली न्यूयॉर्कला कार्नेगी संस्थेच्या साहाय्याने एक परिषद भरली. तीत वेस्ट होते, पामर होते, चीनमध्ये इंग्रजी शिकविलेले लॉरेन्स फॉसेट होते, आणि लक्षावधी शब्दांच्या मजकुरातून कोणता शब्द किती वेळा येतो याची मोजदाद १९२१ साली पुस्तकरूपाने देणारे एडवर्ड थॉर्नडाइक होते. परभाषा म्हणून इंग्रजी शिकणाऱ्याला आधी कोणते शब्द द्यावेत, हा विषय. परिषदेचा प्राथमिक अहवाल १९३६ साली निघाला. मग महायुद्ध आले आणि काम रेंगाळले. अखेर १९५३ साली वेस्ट यांनी ते सिद्धीस नेले आणि 'अ जनरल सर्व्हिस लिस्ट ऑफ इंग्लिश वर्ड्स' हा ग्रंथ बाहेर पडला. त्यात सुमारे २,००० शब्द आहेत, आणि प्रत्येक शब्दाचा कोणता अर्थ शेकडा किती वेळा येतो याचे आकडे आहेत.

या आकड्यांचे महत्त्व आपल्या भाषेवरून चटकन ध्यानात येईल. मराठीतले लागणे हे क्रियापद घ्या. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, निकाल लागतो, झोप लागते, गावाला जावे लागते. परक्या माणसाला मराठी शिकवायची तर यांतले पहिल्या आठवड्यात कोणते द्यायचे? शब्द एकच, पण अर्थ सहा; आणि सहाही एकदम दिले तर तो बिचारा मराठीचा नाद सोडील. कोणता अर्थ रोज भेटतो आणि कोणता वर्षातून एकदा, हे मोजल्याशिवाय शिक्षकाला निवड करता येत नाही. वेस्ट यांनी ही मोजदाद इंग्रजीपुरती शिक्षकाच्या हाती दिली. पुढची कित्येक दशके जगभरच्या पाठ्यपुस्तककारांनी तिचा आधार घेतला.

साऱ्या कामात मला अत्यंत जिव्हाळ्याचे वाटते ते त्यांचे १९६० सालचे पुस्तक, 'टीचिंग इंग्लिश इन डिफिकल्ट सर्कमस्टन्सेस'. त्या वेळी वेस्ट सत्तरी ओलांडलेले होते. अध्यापनावरची बहुतेक पुस्तके वीस मुलांच्या, हवेशीर खोलीतल्या, चित्रे-तक्ते असलेल्या वर्गासाठी लिहिलेली असतात. वेस्ट यांनी खरा वर्ग डोळ्यांपुढे आणला. तीसहून अधिक, बहुधा चाळीस-पन्नास मुले, बाकांवर दाटीवाटीने बसलेली, कोणी पुढे कोणी फार मागे, उन्हाळ्याची काहिली, आणि ज्याचे स्वतःचे इंग्रजी बेताचे आहे असा शिक्षक. अशा शिक्षकाला त्यांनी हिणविले नाही. त्याच्याजवळ जे आहे त्यातून काय साधेल, एवढेच पाहिले.

चाळीस मिनिटांचा तास आणि चाळीस मुले असा साधा हिशेब करावा. मास्तर अर्धा तास बोलले नाहीत, अगदी वीसच मिनिटे बोलले, असे धरले तरी एकेका मुलाच्या वाट्याला अर्धे मिनिट येते. आठवड्याला सहा तास म्हटले तर तीन मिनिटे. तीन मिनिटांत कोणती भाषा येणार? म्हणून वेस्ट यांचा सल्ला असा की वर्गाचे गट पाडावेत, हुशार मुलांना गटनायक करावे, आणि मास्तरांनी स्वतः शिकविण्यापेक्षा मुलांना शिकायला शिकवावे. जे मूल आपले आपण शिकू लागते, त्याला दाटीचा वर्ग अडवू शकत नाही.

याच पुस्तकात त्यांची ती वाचा आणि वर पाहा ही प्रसिद्ध युक्ती सविस्तर आली आहे. दोन मुले समोरासमोर बसतात. एकाच्या हाती पुस्तक. त्याने एक वाक्य, किंवा जमेल तेवढा वाक्याचा तुकडा, मनातल्या मनात वाचायचा; मग पुस्तकावरून नजर उचलून समोरच्याकडे पाहायचे आणि तो तुकडा त्याला सांगायचा. पुस्तकात पाहत बोलायचे नाही. एवढेच. पैसा लागत नाही, चित्र लागत नाही, इंग्रजी बोलणारा मास्तरही लागत नाही. पण घडते ते फार मोठे. आपल्या वर्गातले नेहमीचे वाचन डोळ्यांतून शिरते आणि तोंडातून बाहेर पडते, मधल्या मेंदूला कल्पनाही नसते. येथे मात्र नजर पुस्तकावरून उचलली की वाक्य क्षणभर मनात धरून ठेवावे लागते, आणि मनात धरायचे तर त्याची जुळणी कळावी लागते. शिवाय बोलणे कोणाला तरी उद्देशून होते.

ही युक्ती मी माझ्या वर्गांत पुष्कळ वर्षे वापरली. पहिल्या दिवशी मुले दोन शब्दांपलीकडे जात नाहीत आणि चोरून खाली पाहतात. आठवडाभराने चार-पाच शब्दांचा तुकडा सहज उचलतात. महिन्याने संपूर्ण वाक्य, योग्य त्या हेलासह, सांगू लागतात. मागच्या बाकावरची, ज्यांचा आवाज वर्षभर ऐकू येत नसे अशी मुले एका जोडीदारापुढे मात्र बोलतात, कारण तेथे साऱ्या वर्गाचे हसू नसते. घरी दोन भावंडांनाही हे करता येईल. आजी-आजोबांपैकी कोणाला इंग्रजी येत नसले तरी समोर बसून ऐकायला आणि पोर खाली पाहते की नाही एवढे पाहायला इंग्रजी यावे लागत नाही.

वेस्ट १९७३ साली निवर्तले. त्यांच्या हयातीतच भारतातील इंग्रजी अध्यापनाचे वारे दुसऱ्या दिशेला वळले होते. १९५८ साली हैदराबादला केंद्रीय इंग्रजी संस्था निघाली, वाक्यरचनांच्या क्रमवार सरावाला महत्त्व आले, आणि बोलणे-ऐकणे पुन्हा पुढे सरकले. हे योग्यच झाले. स्वतंत्र देशाच्या नागरिकाला परभाषेतूनही आपले म्हणणे मांडता आले पाहिजे. वाचनच सर्वांत आधी, हे वेस्ट यांचे मत आज जसेच्या तसे स्वीकारण्याची गरज नाही. आपली मुले इंग्रजी कानांनीही रोज ऐकतात. १९२६ च्या ढाक्यातील मुलाला ती सोय नव्हती.

पण त्यांची कसोटी जुनी झालेली नाही. हल्ली इंग्रजी तिसरी कोणी म्हणत नाही. मुले बालवर्गापासून इंग्रजी शाळेत जातात, फी भरताना आईबाप मेटाकुटीस येतात, आणि दहावीच्या आधी किंवा नंतर पुष्कळ मुले कामधंद्याला लागतात. त्यांच्या पालकांनी शाळेचे नाव, इमारत आणि गणवेश पाहण्याआधी वेस्ट यांचा हिशेब मांडून पाहावा. आपल्या मुलाचे शिक्षण आज, या आठवड्यात, काही कारणाने थांबले, तर त्याच्याजवळ स्वतःच्या बळावर पुढे जाण्याइतके काय असेल? एखादे सोपे पुस्तक त्याच्या हाती द्यावे आणि शांतपणे शेजारी बसावे. तो पान उलटतो की नाही, यात उत्तर मिळेल.